यंत्राचा उजवा हात आणि नव्वद दिवसांची वॉरंटी

सन दोन हजार तेवीस, डिसेंबरची सोळा तारीख, मार्गशीर्षातली विनायकी चतुर्थी. दिवस शनिवारचा आणि थंडी अशी, की कुकडीच्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यापुढे सकाळी नऊ वाजताही अंगावरची शाल काढवत नव्हती. त्या दिवशी ओझरला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या महिला बचत गटाचे पिनबॉल यंत्र टेम्पोतून उतरले. वॉरंटी नव्वद दिवसांची. पहिला दिवस तोच धरायचा की दुसरा, हे मी तिथल्या तिथे विचारून, लिहून, खाली सही घेऊन ठेवले. तोच धरायचा होता. फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा आला, म्हणून शेवटचा दिवस पंधरा मार्च न पडता चौदा मार्च पडला.

सरळ चालणाऱ्या वस्तूविषयी चारचौघींत सांगण्यासारखे काही उरत नाही. बिघडलेल्या वस्तूची एखादी हकिकत होते. पण वस्तू बिघडली आहे की ती मुळात तशीच असते, हे ज्यांना ठाऊक नाही अशांच्या हाती ती पडली, की हकिकतींचा ढीग होतो. आमच्या गटातल्या एकीनेही तोवर चालू पिनबॉल पाहिलेले नव्हते. आता बसलोच आहोत, तर त्या ढिगातल्या चार गोष्टी घडल्या त्या क्रमाने सांगते.

आधी यंत्राविषयी. चार पायांवर उभी, काचेच्या झाकणाची लांबट पेटी; आत एक पोलादी गोळी. दांडा ओढून सोडला की गोळी वर जाते आणि दिव्यांवर, खांबांवर आदळत खाली येते. खालच्या टोकाला दोन पट्ट्या असतात. बाहेरची बटणे दाबली की त्या झटक्याने उचलल्या जातात आणि गोळीला पुन्हा वर धाडतात. कंपनी त्यांना फ्लिपर म्हणते. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून त्यांना हात म्हणतात. डावा हात आणि उजवा हात. दोन्ही हातांना चुकवून गोळी खाली गेली की गेली.

जागा वैशालीची. ही गटातली सर्वांत धाकटी. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत तिचे शिवणकाम चाले. दर्शनाच्या रांगेत मोठी माणसे उभी असताना मुले कंटाळून रडतात, हे तिने त्या खोलीच्या दारातून चार वर्षे पाहिले होते. यंत्राची कल्पना तिची, आणि त्यासाठी तिने शिलाईची दोन्ही मशीन काढून टाकली. घरातून परवानगी मिळाली ती एका अटीवर. वॉरंटी संपेपर्यंत यंत्र नीट चालले तर ठीक. नाही तर तिने चाकणच्या कारखान्यात कामाला जायचे, पहाटेची बस धरायची, आणि पहिलीतल्या मुलीला आजोळी मंचरला ठेवायचे. अर्ज भरून कपाटावर ठेवलेला होता. सही तेवढी बाकी होती.

*

गटाच्या अध्यक्षा हिराबाई. माहेर बेल्ह्याचे, आणि माहेरी पिढ्यान्‌पिढ्या बैलबाजारातली दलाली. यंत्र नारायणगावच्या पारसशेठकडून घ्यायचे ठरले, तेव्हा पारख करायला त्याच पुढे झाल्या. मी गटाची सचिव, म्हणून वही घेऊन बरोबर होते.

पारसशेठचे घराणे राजस्थानातले, पण तीन पिढ्यांपासून इथलेच. दोष लपवून माल विकणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञाच. गोदामात यंत्रासमोर उभे राहून हिराबाई म्हणाल्या,

"शेठ, खोड सांगा."

"कसली खोड?"

"जनावराची. इकणाऱ्यानं खोड आधी सांगायची असती. मारकं हाय का, बसकं हाय का, दावं तोडतं का. मागनं निघालं तर जनावर माघारी."

"हिराबाई, हे मशीन आहे."

"मग मशीनची सांगा."

शेठ खरोखर विचारात पडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आवाज करतं."

"कवा?"

"चालू असलं की."

"आन् बंद असलं की?"

"तेव्हा नाही करत."

"मग ही खोड न्हाई," असा निर्वाळा देऊन हिराबाईंनी यंत्राभोवती फेरी मारली. पाठीवर थाप दिली, वाकून पोटाखाली पाहिले, चारी पाय हलवून पाहिले. शेवटी दोन हमालांकडून त्याला दहा पावले नेववून परत आणवले आणि ते येताना डोळे बारीक करून पाहत राहिल्या. कशाकडे, ते मला कळले नाही. शेठही त्याच दिशेने पाहू लागले.

मग मी वॉरंटीचा कागद वाचून दाखवला. विजेच्या सर्व भागांवर नव्वद दिवस.

हिराबाईंचा चेहरा उतरला. "नव्वद? का बरं?"

"कंपनी देते," शेठ म्हणाले.

"आमच्या बेल्ह्यात चांगल्या बैलाला म्होरल्या बाजारापतूर माघारी घ्यायची बोली असती. आठ दिस. त्यात काय ते कळतं. ज्याला नव्वद दिस बोली द्यावी लागती, त्याच्यात काय तरी हाय, शेठ."

शेठ गोंधळले. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि अत्यंत सद्भावाने विचारले, "कमी करून देऊ का?"

*

यंत्र बसवण्याची पुस्तिका इंग्रजीत होती. मी जुनी मॅट्रिक. शब्दकोश जवळ घेऊन ती पूर्ण वाचली. पायांना फिरकीचे स्क्रू आहेत आणि यंत्र योग्य पातळीत उभे करावे, इतके निश्चित कळले. योग्य पातळी कोणती, ते चित्रात दाखवले होते, आणि ते चित्र छापताना पुसट झाले होते.

वैशालीचे सासरे गवंडी. चाळीस वर्षांत या पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. पातळी म्हटल्यावर त्यांना बोलवावे लागले नाही. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन ते आले आणि दोन तास खपून त्यांनी यंत्राचे चारी कोपरे असे एका पातळीत आणले, की नळीतले पाणी केसभरही इकडेतिकडे होईना.

वैशालीने दांडा ओढला. गोळी वर गेली, दोनदा आदळली, मध्यापर्यंत आली आणि थांबली. आम्ही वाट पाहिली. ती तिथेच उभी राहिली.

पहिले तक्रारपत्र मी त्याच दिवशी लिहिले. "यंत्रातील गोळी मार्गात स्थिर होते व पुढे येण्याचे नाकारते." आठवड्याने पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर आले. गायकवाड त्यांचे नाव. तिशीतले, अदबशीर, हातात दोष नोंदवण्याचे छापील फॉर्म. त्यांनी यंत्राकडे पाहिले आणि विचारले,

"हे लेव्हल कुणी केलं?"

"मी," सासरे पुढे होऊन म्हणाले. कौतुकाच्या अपेक्षेने त्यांनी टोपी नीट केली.

"काका, मशीन मागून उंच पाहिजे आणि पुढे उतरतं."

"नवं हाय ना हे?"

"नवं आहे."

"आन् तिरकं?"

"हो."

"जाणूनबुजून?"

"हो, काका."

सासऱ्यांनी नळी गुंडाळली. "माझ्या हातनं हे व्हायचं न्हाई. दुसरा माणूस बघा."

गायकवाडांनी स्वतः स्क्रू फिरवले, फॉर्मवर 'दोष आढळला नाही' असे लिहिले आणि ते गेले. तेव्हापासून सासरे त्या खोलीत आले, तर यंत्राकडे पाठ करून बसतात.

*

यंत्र चालू झाले, तशी दुसरी अडचण लक्षात आली. दोन्ही हात पूर्ण उचलले, तरी त्यांच्यामध्ये फट राहत होती, आणि नेमकी तिथूनच गोळी खाली जात होती. वैशालीने शिवणकामाच्या टेपने मोजले. गोळी फटीतून अंग न चोरता जाऊ शकत होती.

मी दुसरे पत्र लिहिले. "दोन्ही हातांची लांबी अपुरी असून गोळी निसटते. योग्य लांबीचे हात पाठवावेत." उत्तर मोबाईलवर आले. फट हा खेळाचाच भाग आहे, असे त्यात होते.

"म्हंजी हरायची सोय कारखान्यातनंच करून पाठिवत्यात?" हिराबाईंनी विचारले. मी उत्तर तीनदा वाचले. अर्थ तसाच निघत होता.

त्याच सुमारास पारसशेठ देवदर्शनाला आले आणि आपला माल कसा चालतो ते पाहायला वळले. वैशालीने आग्रह केला, म्हणून बटणांवर बोटे ठेवून उभे राहिले. पहिली गोळी फटीतून गेली. दुसरी गेली. तिसरी तिकडे निघालेली पाहताच शेठ इतके कासावीस झाले, की त्यांनी यंत्राला दोन्ही बाजूंनी धरून आपल्याकडे ओढले.

सगळे दिवे गेले. दोन्ही हात पडले. आवाज बंद.

हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "बसकं निघालं."

शेठचा चेहरा पांढरा पडला. "माघारी घेतो. आत्ता घेतो. मी खोड सांगायला पाहिजे होती. टेम्पो बोलावतो." त्यांनी फोनही लावला. पलीकडून टेम्पोवाला 'हॅलो' म्हणतो न म्हणतो, तोच यंत्राचे दिवे आपसूक लागले आणि ते पुन्हा गाऊ लागले.

"उठलं," हिराबाई म्हणाल्या.

शेठने फोन कानाला धरूनच आम्हा तिघींना विचारले, "आता नेऊ, का नको?"

शेवटी मी गायकवाडांना फोन केला. ते म्हणाले, "आजी, मशीन जोरात हलवलं की ते खेळ थांबवतं. फसवणूक होऊ नये म्हणून."

"कोणाची फसवणूक?"

"मशीनची."

मी हे वहीत लिहून घेतले आणि शेठना टेम्पो नको म्हणून सांगितले.

*

तिसरी तक्रार पूर्णपणे माझी. तिची जबाबदारी मी कोणावर ढकलणार नाही.

जानेवारीत एका सकाळी तिरप्या उन्हात मला यंत्राच्या आतल्या रंगीत फळीवर बारीक खळगे दिसले. गोळी आदळून पडलेले. प्रत्येक मोहरीच्या दाण्याएवढा. नवी कोरी वस्तू, आणि महिन्याभरात तिला देवीचे वण यावेत तसे झालेले. मी भिंग आणले. काचेवर खडूने चौकटी आखल्या आणि एकेका चौकटीतले खळगे मोजून वहीत मांडले. तीन दुपारी लागल्या. आठवड्याने पुन्हा मोजले, तर जवळजवळ दीडपट झाले होते.

चौकटींच्या नकाशासह पत्र गेले. गायकवाड आले, तेव्हा त्यांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला आणि "हे तुम्ही हाताने मोजलंत?" असे विचारले.

"मग कशाने मोजायचे?"

"आजी, हे खळगे पडतातच. सगळ्या नव्या मशीनला पडतात. काळजी करू नका, थोड्या दिवसांनी दिसायचे थांबतील."

"बुजतील?"

"नाही. आणखी पडतील. इतके पडतील, की सगळी फळी एकसारखी होईल. मग वेगळे दिसणार नाहीत."

"म्हणजे खळग्यांवर उपाय खळगेच?"

"तसं म्हणता येईल."

हिराबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या मला म्हणाल्या, "माई, बरं झालं. नायतर तुमी मोजायचं कवा थांबनार व्हता?"

फॉर्मवर पुन्हा 'दोष आढळला नाही' असे लिहिले गेले.

*

इतके दिवस आम्ही जे दोष म्हणून दाखवले, ते सारे स्वभाव निघाले. त्यामुळे माघी गणेश जयंतीला खरा दोष समोर आला, तेव्हा आम्हाला तोही स्वभावच वाटला.

त्या दिवशी ओझरला पाय ठेवायला जागा नव्हती. वैशालीच्या दारात मुलांची रांग लागली. सकाळभर यंत्र उत्तम चालले. दुपारी बाराच्या पुढे उजवा हात मंद झाला. बटण दाबले, की आजाऱ्याने कूस बदलावी तसा थोडा उचलायचा आणि पडायचा. एक वाजता तो उचलेनाच. रांग कुरकुर करू लागली. आळेफाट्याहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "ओ ताई, एका हातानं खेळायचं व्हय? मग पैसं बी निम्मंच घ्या की." रांग मोडली, आणि जयंतीची उरलेली दुपार वैशालीने रिकाम्या खोलीत बसून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात ठणठणीत. दुपारी पुन्हा मेला.

गायकवाड दोनदा आले. पुण्याहून पहाटे निघत आणि लांबचे गाव आधी म्हणून ओझरला पहिल्यांदा येत. सकाळी नऊच्या गारव्यात दहा मिनिटे बटणे दाबत. उजवा हात त्यांच्यासमोर असा उचले, की आम्हालाच आमची लाज वाटे. दुपारपर्यंत थांबा, असे विनवले, तर म्हणत, "आजी, एका ठिकाणी अर्धा तास. वर थांबलो, तर ऑफिस कारण विचारतं." दोन्ही वेळा दोष आढळला नाही. दुसऱ्या फॉर्मवर एक ओळ अधिक होती : 'ग्राहकांची खेळण्याची पद्धत चुकीची.'

"बाजारात बी असंच," हिराबाई म्हणाल्या. "सकाळच्या पारी समदी जनावरं गुनाची."

आम्ही दुपारी हात मेलेला असताना मोबाईलवर चित्रण करून पाठवले. कंपनीचे उत्तर आले, की यंत्राचा क्रमांक त्याच चित्रणात दिसला पाहिजे. क्रमांकाची पट्टी यंत्राच्या पाठीला, हात पुढे. दोन्ही एकदम दिसावेत कसे? वैशालीला युक्ती सुचली. कपडे घालून पाहण्यासाठी ठेवलेला शिवणकामाच्या वेळचा उभा आरसा तिने यंत्रामागे लावला. पुढे मेलेला हात, मागे आरशात क्रमांक. आम्हाला धन्यता वाटली.

दोन दिवसांनी उत्तर आले. या क्रमांकाचे यंत्र आम्ही कधीही बनवलेले नाही.

मी पुन्हा पाहिले. आरशात आकडे उलटे आले होते. पत्र लिहून खुलासा केला. मग कंपनीने विचारले, की हे यंत्र तुमचे आहे की आरशातले.

त्या संध्याकाळी वैशाली माझ्याकडे आली. म्हणाली, "माई, यांनी अर्ज कपाटावरून खाली काढून ठेवलाय. पेन पण ठेवलंय वर. काही बोलत नाहीत. नुसतं ठेवलंय."

"मुलीला सांगितलेस?"

"तिला वाटतंय, मंचरला सुट्टीलाच जायचंय. दप्तर का भरतेस, विचारत होती."

*

चौदा मार्च, गुरुवार. नव्वदावा दिवस.

गायकवाड त्या दिवशी उशिरा, साडेअकराला आले. वाटेत गाडी बंद पडली होती. नेहमीप्रमाणे दहा मिनिटे बटणे दाबली. नेहमीप्रमाणे उजवा हात सरसर उचलला. त्यांनी फॉर्म काढला. वैशाली तिथल्या स्टुलावर बसली.

हिराबाईंनी जेवणाचे ताट आणून समोर ठेवले. मासवडी, भाकरी, कांदा. उपाशी माणसाला नाही म्हणवले नाही. ते जेवत होते तोवर मी मागच्या फॉर्मची प्रत काढली.

"गायकवाड, आपण इथे लिहिले आहे, की आमची खेळण्याची पद्धत चुकीची आहे. बरोबर पद्धत कोणती, हे कुठेही लिहिलेले नाही. ते मला नोंदवून घ्यायचे आहे. कृपा करून दाखवा."

"पाच मिनिटांत दाखवतो," ते म्हणाले आणि हात धुऊन उभे राहिले. घड्याळात बारा पस्तीस झाले होते. फुकट खेळाची किल्ली त्यांच्याकडे असते. ती त्यांनी फिरवली.

त्यांनी आम्हाला सांगितले, की दोन्ही बटणे एकदम दाबायची नाहीत. गोळी आली की मारायची नाही. आधी उचललेल्या हातावर झेलून धरायची. मी लिहीत होते. मग त्यांनी गोळी झेलून धरली आणि एका उतारावरून अशी वर सोडली, की यंत्राने आजवर आम्हाला कधी न ऐकवलेले गाणे म्हटले. वैशाली स्टुलावरून उठली.

"अरे," गायकवाड स्वतःशीच म्हणाले, "हे पण आहे होय यात?"

त्यानंतर त्यांनी काही सांगितले नाही. मीही लिहायची थांबले. सव्वा वाजता त्यांनी बाह्या सरसावल्या. दीडला बूट काढले. पत्रा तापून खोली भट्टीसारखी झाली होती. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली. फोन वाजला, तर डोळे न हलवता म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे." खेळ संपला की किल्ली फिरवत. दोन वाजून गेले. हिराबाई त्यांच्यामागे उभ्या राहून गोळीबरोबर मान हलवत होत्या. वैशालीने माझा दंड धरला होता आणि तो दुखू लागला होता, पण मी हलले नाही.

तीन वाजायला आले. गुणांच्या फलकावरच्या आकड्याला आणखी एक अंक लागणार, असे दिसत होते. गोळी वरून सावकाश, अगदी सावकाश, उजव्या हाताकडे आली. गायकवाडांनी बटण दाबले.

हात थोडा उचलला आणि पडला.

"उचल," ते म्हणाले. पुन्हा दाबले. "उचल ना. अरे, उचल!"

गोळी त्यांच्या डोळ्यांदेखत फटीतून गेली.

"ह्याला काय अर्थ आहे?" ते यंत्रावर थाप मारून म्हणाले. "मेलाय हा! उजवा फ्लिपर मेलाय! असं मशीन विकतात लोकांना?"

गायकवाड हळूहळू वळले. हिराबाईंनी पदराने त्यांच्यासाठी स्टूल पुसले. "बसा साहेब. पानी घ्या."

पाणी पिऊन त्यांनी नवा फॉर्म काढला. उजव्या फ्लिपरची कॉइल सदोष. तापल्यावर निकामी होते. वॉरंटीत बदलून द्यावी. अक्षर नीटनेटके होते. वैशाली त्यांच्या खांद्यावरून एकेक शब्द ओठांनी वाचत होती. मग पेन एका रकान्याशी थांबले. 'तपासणीस लागलेला वेळ.'

"आजी, इथे दहा मिनिटं लिहितो."

"बारा पस्तीसला सुरुवात झाली. तीन वाजायला दोन मिनिटे होती तेव्हा हात पडला," मी वही पुढे करून म्हणाले. "दोन तास तेवीस मिनिटे."

"ते ऑफिसला कसं सांगू? अर्ध्या तासाच्या वर परवानगी नाही. काय करत होतो, म्हणून विचारतील. नोकरी जाईल माझी."

"खालच्या ओळीत 'वरील सर्व नोंदी बरोबर आहेत' असे छापले आहे. आणि तिथे सही माझी लागते."

गायकवाडांनी पेन खाली ठेवले. "मग मला हा फॉर्म देता येणार नाही, आजी. खरंच नाही येणार. आणि उद्या वॉरंटी नाही."

हिराबाई माझ्याकडे पाहत होत्या. वैशाली पाहत नव्हती. ती यंत्राच्या काचेवर पडलेले गायकवाडांच्या तळव्यांचे ठसे फडक्याने पुसत होती; पुसून झाले तरी पुसतच होती.

मी वही मिटली. डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी बंद केली.

"लिहा," मी म्हणाले, "आणि सही कुठे करायची, तिथे माझे बोट ठेवा."